तापल्यावर अडखळणारी मोटारसायकल : निदान आणि उपाय

ग्रामीण भागात शासनाच्या योजना लोकांपर्यंत पोहोचविण्याच्या कामी मोटारसायकलीचा वाटा फार मोठा आहे. पंचायतीचे कर्मचारी, आरोग्य सेवक, पशुवैद्यकीय कर्मचारी, वाडीवस्तीवरील शाळेचे शिक्षक यांचा दैनंदिन प्रवास बहुतांशी याच वाहनाने होतो. लसींची शीतपेटी घेऊन निघालेला आरोग्य सेवक घाटाच्या मध्यावर अडकून पडला, तर पुढील गावातील लसीकरण त्या दिवशी लांबणीवर पडते. म्हणून या वाहनाच्या एका नेहमीच्या दोषाची ओळख करून घेणे उपयुक्त ठरेल.

सकाळी गाडी पहिल्याच किकमध्ये सुरू होते. आठ-दहा किलोमीटर ती सुरळीत धावते. त्यानंतर मात्र एंजिन अडखळू लागते, गाडी झटके देते, चढावर जोर धरत नाही आणि वेग कमी करताच बंद पडते. गॅरेजच्या भाषेत याला गाडी ‘मिसिंग करते’ असे म्हणतात. अर्धा तास थांबल्यावर ती पुन्हा सुरू होते आणि गॅरेजपर्यंत पोहोचेतो दोष नाहीसा झालेला असतो. अशा वेळी अंदाजाने एकामागून एक भाग बदलले जातात, खर्च वाढत जातो आणि मूळ दोष तसाच राहतो. प्रस्तुत लेखात कार्ब्युरेटर असलेल्या फोर-स्ट्रोक एंजिनाचा विचार केला आहे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ मानके लागू झाल्यानंतर नव्या गाड्यांत प्रामुख्याने इंधन अंतःक्षेपण प्रणाली आली. तथापि कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्या गावोगावी अद्याप वापरात आहेत.

तापल्यावर काय बदलते?

एंजिन सुरळीत चालण्यास तीन गोष्टी आवश्यक असतात : हवा व पेट्रोल यांचे योग्य मिश्रण, वेळेवर पडणारी सशक्त ठिणगी आणि सिलिंडरमधील पुरेसा दाब. मिनिटाला ३,००० फेरे घेणाऱ्या एक सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक एंजिनात दर सेकंदाला २५ वेळा ज्वलन होते. त्यांतील काही ज्वलने चुकली तरी स्वाराला झटका जाणवतो.

एंजिन थंड असताना पेट्रोलचे पूर्ण बाष्प होत नाही, म्हणून चोक लावून मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाण वाढवावे लागते. एंजिन तापल्यावर चोक काढला जातो आणि मिश्रणातील उणीव उघडी पडते. उष्णतेने धातूचे भाग प्रसरण पावतात, तसेच विजेच्या गुंडाळ्यांतील आवरण कमकुवत झाले असल्यास तेथून वीज निसटू लागते. दोष या तीनपैकी कोणत्या बाजूस आहे हे ठरविणे, हीच निदानाची पहिली पायरी होय.

प्रथम टाकीचे झाकण

सर्वांत सोपी व बिनखर्चाची तपासणी टाकीच्या झाकणाची आहे. झाकणात हवेसाठी बारीक छिद्र असते. ते धुळीने बुजले, तर पेट्रोल जसजसे खर्च होते तसतशी टाकीत पोकळी निर्माण होते आणि कार्ब्युरेटरकडे जाणारा प्रवाह मंदावतो. गाडी अडखळू लागताच ती रस्त्याच्या कडेला उभी करून झाकण उघडावे. हवा आत ओढली गेल्याचा आवाज आला व लगेच गाडी नीट चालू लागली, तर दोष तेथेच आहे. छिद्र साफ केले की काम झाले. त्याच वेळी पेट्रोलच्या तोटीची जाळीही पाहावी.

चोकची कसोटी

झाकण निर्दोष आढळल्यास तापलेले एंजिन मंद गतीवर चालू ठेवून चोक किंचित ओढावा. त्यायोगे तीन निष्कर्ष निघू शकतात.

एंजिन सुधारले, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडत आहे. कार्ब्युरेटर व सिलिंडर यांना जोडणाऱ्या रबरी भागास चीर गेली असल्यास जादा हवा आत शिरते. मंद गतीच्या जेटमध्ये कचरा अडकल्यानेही असेच घडते. रबरी भाग बदलणे आणि जेट हवेच्या झोताने साफ करणे हा त्यावरील उपाय आहे. जेटमध्ये तार घालू नये. त्याचे छिद्र मोठे होऊन माप बिघडते.

एंजिन अधिकच गुदमरले, तर पेट्रोल जादा होत आहे. चोक पूर्ण न सुटणे, हवेची गाळणी धुळीने भरणे अथवा कार्ब्युरेटरमधील तरंगत्या भागाची सुई झिजणे ही त्याची प्रमुख कारणे होत. काळा धूर व पेट्रोलचा वाढता खर्च ही त्याची सोबतची लक्षणे आहेत.

एंजिनाच्या चालीत सुधारणा दिसली नाही आणि ते विशेष गुदमरलेही नाही, तर लक्ष ठिणगी व दाब यांकडे वळवावे.

या संदर्भात इंधनातील बदलही ध्यानात घ्यावा. देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २०२२ साली १० टक्क्यांवर आणि २०२५ साली २० टक्क्यांवर नेण्यात आले. इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असल्याने जुन्या मापाच्या जेटमधून मिळणारे मिश्रण थोडे विरळ होते. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या व वायसरही त्यामुळे लवकर खराब होऊ शकतात. इथेनॉल पाणी शोषून घेते, म्हणून पेट्रोल भरून गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नये.

ठिणगीची परीक्षा

स्पार्क प्लग हा एंजिनाच्या प्रकृतीचा आरसा आहे. त्याचे टोक फिकट तपकिरी असल्यास ज्वलन योग्य आहे. कोरडी काजळी जादा पेट्रोल दर्शविते, पांढुरके टोक विरळ मिश्रण किंवा अतिउष्णता सुचविते, तर तेलकट टोक पिस्टनच्या रिंगा अथवा व्हॉल्व्हच्या सीलची झीज दाखविते. प्लग अल्प किमतीचा असल्याने प्रथम योग्य क्रमांकाचा नवा प्लग लावून पाहावे.

दोष कायम राहिल्यास एंजिन तापलेले असतानाच ठिणगी तपासावी. जुना प्लग जागेवर ठेवून नव्या प्लगला टोपी लावावी, तो एंजिनाच्या धातूला टेकवावा व किक मारावी. निळसर, कडकडणारी ठिणगी चांगली. पिवळट व क्षीण ठिणगी दोषाची. थंड असताना चांगली व तापल्यावर क्षीण होणारी ठिणगी बहुधा इग्निशन कॉइलचा दोष दर्शविते. पॉइंट असलेल्या जुन्या गाड्यांत कंडेन्सरही याच रीतीने निकामी होतो. तेथे पॉइंटमधील अंतर साधारणतः ०.३५ ते ०.४० मि.मी. असते.

दाब आणि टॅपेट

व्हॉल्व्ह व त्याचे आसन झिजत जाते तसे टॅपेटमधील अंतर कमी होते. अंतर पुरेसे नसेल, तर तापून लांबलेला व्हॉल्व्ह आसनावर पूर्ण बसत नाही व दाब निसटतो. गरम एंजिनाची किक नेहमीपेक्षा हलकी लागणे हे त्याचे लक्षण होय. दुर्लक्ष केल्यास व्हॉल्व्ह जळतो आणि किरकोळ जुळणीच्या जागी मोठी दुरुस्ती करावी लागते. अनेक लहान एंजिनांत हे अंतर ०.०५ ते ०.१० मि.मी. इतके असते. ते एंजिन पूर्ण थंड असताना, गाडीच्या पुस्तिकेतील मापानुसार, फीलर गेजने जुळवावे.

काही पथ्ये

एका वेळी एकच बदल करावा व गाडी तापेपर्यंत चालवून परिणाम पाहावा. दोन भाग एकदम बदलल्यास दोष कोणता होता हे कळत नाही. किती किलोमीटरनंतर, कोणत्या वेगाला आणि चढावर की सपाटीवर गाडी अडखळली, याची नोंद वहीत ठेवावी. फिटरला ती फार उपयोगी पडते. बंद खोलीत एंजिन चालू ठेवू नये, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक असतो. ठिणगी तपासताना उघडे पेट्रोल जवळ नसावे आणि प्लगची तार उघड्या हाताने धरू नये. इंधन अंतःक्षेपण असलेल्या गाडीत इशाऱ्याचा दिवा लागल्यास तपासणी यंत्र असलेल्या कारागिराकडेच जावे.

लक्षण पाहणे, शक्यता मांडणे आणि स्वस्त कसोटीपासून आरंभ करून एकेक शक्यता वगळत जाणे, ही विज्ञानाची पद्धत आहे. शिक्षकांनी विज्ञानाच्या तासाला हे उदाहरण जरूर घ्यावे. पंचायतींनीही नजीकच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या सहकार्याने कर्मचारी व तरुणांसाठी एखाद्या दिवसाचे प्रात्यक्षिक योजावे. त्यातून इंधनाची बचत होईल, धुराचे प्रमाण घटेल आणि लोकांच्या कामासाठी निघालेला माणूस वेळेवर पोहोचेल.