वानरांच्या नादी लागल्यावर

१. आधी गाल बघावेत. माथेरानचं लाल तोंडाचं माकड दाणे गालांतल्या पिशव्यांत कोंबतं आणि लांब जाऊन निवांत चावतं. काळतोंड्या वानराला ही सोय नाही. त्याचं पोट कप्प्याकप्प्यांचं. तिथे जिवाणू पानं आंबवतात. पोटभर पाला ओरबाडून झाला की तो नुसता बसून राहतो. त्याला आळशी म्हणू नये, आत काम चालू असतं.

२. माकडानं आवाज न करता दात दाखवले, तर ते हसत नसतं. बहुतेक वेळा घाबरलेलं असतं, नाहीतर नमतं घेत असतं. तोंड उघडून रोखून बघायला लागलं, की मात्र आपण मागे सरावं. सेल्फीवाल्यांना हे सांगून उपयोग होत नाही.

३. वहीत कंटाळवाणंही लिहावं. मारामारी कुणाच्याही डोळ्यांत भरते, आणि मग टोळी दिवसभर भांडते असं वाटू लागतं. प्राणी-अभ्यासक जीन ऑल्टमन यांनी 1974च्या लेखात यावरची पद्धत नीट मांडली: एक प्राणी निवडायचा, ठरलेला वेळ त्याच्याकडेच बघायचं. माझी पानंच्या पानं ‘बसली आहे, खाजवते आहे’ यानंच भरली आहेत.

४. वानराचं नवं पिल्लू काळपट असतं, करड्या टोळीत लांबूनही उठून दिसतं. ते दिवसभर या मांडीवरून त्या मांडीवर फिरतं. तरण्या माद्यांना भारी हौस. काही तर त्याला उलटं धरतात.

५. टोळीचा हुप्या बदलला, की पिल्लांवर नजर ठेवावी. वानरांच्या अभ्यासक फिलिस जे यांना 1950च्या दशकाअखेरीस उत्तर आणि मध्य भारतात वानरं शांत दिसली. पुढे काही वर्षांतच युकिमारू सुगियामांनी धारवाडला वेगळंच पाहिलं: बाहेरच्या नरांनी टोळी जिंकली आणि तान्ही पिल्लं मारली गेली. व्यंकटेश माडगूळकरांची वानरांवरची कादंबरी ‘सत्तांतर’ वाचलेल्यांना हे नवं नाही. अंगावर पिणारं पोर गेलं की मादी लवकर माजावर येते, म्हणून नर हे करतो, असं संशोधक साराह हर्डी यांनी माउंट अबूच्या वानरांवरून मांडलं. त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. गाभण माद्याही परक्या नरांशी जुगतात. बाप कोण याचा घोळ झाला, तर नर पिल्लाच्या वाटेला जात नसावा, हा त्यांचा तर्क. त्यावर पुष्कळ वाद झाले. मला तो पटतो.