पालथे झोपवलेला रुग्ण आणि त्याची कातडी



२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत कोरोनाची दुसरी लाट आपल्या नगर जिल्ह्यावर आली तेव्हा आम्ही आयसीयूत ड्युटीवर होतो. खाट मिळावी म्हणून माणसे गावोगाव फिरत होती. पारनेर तालुक्यात भाळवणीला अकराशे खाटांचे केंद्र उभे राहिले ते याच काळात. आमच्याकडे वस्तीतल्या एक ताई दाखल झाल्या. धुण्याभांड्याची कामे करणाऱ्या. बरेच दिवस व्हेंटिलेटरवर होत्या, त्यातले कित्येक तास पालथ्या. त्या वाचल्या. पण वॉर्डात आणल्यावर त्यांच्या हनुवटीवर आणि एका गालावर काळ्या खपल्या दिसल्या. मुलाने विचारले, "सिस्टर, आईला मारलं का? की ही काळी बुरशी आहे?"

मारही नव्हता आणि बुरशीही नव्हती. ते बेडसोअर होते, दाबाने झालेली जखम. आम्ही परिचारिका मात्र त्या मुलाला लगेच उत्तर देऊ शकलो नाही. कारण फाइलमध्ये रोज आमच्याच हाताने लिहिलेले होते, "त्वचा ठीक." हे कसे झाले आणि ते कसे टाळता येते, हे आज सांगायचे आहे. घरात कोणी अंथरुणाला खिळलेले असेल तर त्यांच्यासाठीही हाच धडा उपयोगी आहे.

पालथे का झोपवतात?

न्यूमोनियाने किंवा दुसऱ्या गंभीर आजाराने फुप्फुसे सुजली, पाण्याने भरली की व्हेंटिलेटर लावूनही रक्तात पुरेसा ऑक्सिजन जात नाही. उताणे झोपल्यावर फुप्फुसाचा पाठीकडचा मोठा भाग दबून राहतो. पालथे केले की तो भाग उघडतो. फ्रान्स आणि स्पेनमधील ४६६ रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उताण्या ठेवलेल्या रुग्णांपैकी २८ दिवसांत सुमारे ३३ टक्के दगावले. रोज सलग १६ तास किंवा अधिक पालथे ठेवलेल्यांपैकी दगावले १६ टक्के. म्हणून डॉक्टरांनी पालथे करायचे म्हटले तर घाबरून नाही म्हणू नका. त्याने जीव वाचतो.

पण त्याच अभ्यासात पालथ्या ठेवलेल्या रुग्णांना बेडसोअर जास्त झाले, हेही दिसले. केंद्र सरकारने एप्रिल २०२१ मध्ये घरच्या रुग्णांसाठी उशा घेऊन पालथे झोपण्याची सूचना काढली होती. हाडांच्या जागी दाबाची जखम होते का हे पाहा, असे तिच्यातही लिहिले होते. उशांची चित्रे आपल्या वस्तीत मोबाइलवर फिरली, ही ओळ फिरली नाही.

जखम कशी होते?

खाली गादी, वर हाड आणि मध्ये कातडी. तासन्‌तास असा दाब राहिला की बारीक रक्तवाहिन्या मिटतात, तिथले मांस उपाशी मरते. शुद्धीवरचा माणूस झोपेतही कूस बदलतो. गुंगीच्या औषधाखाली असलेल्याला दुखणे कळत नाही आणि हलताही येत नाही. रक्तदाब फार उतरला असेल तर कातडीकडे रक्त आधीच कमी जाते. त्यात लाळ, घाम, लघवीचा ओलावा आणि अंगात प्रथिनांची कमतरता असली की कातडी लवकर हार मानते.

उताण्या माणसाला जखम होते ती माकडहाडावर, टाचांवर, डोक्याच्या मागे. पालथ्याला होते ती कपाळ, गाल, हनुवटी, कानाची पाळी, खांदे, छाती, कमरेची पुढची हाडे, गुडघे आणि पायाची बोटे इथे. बायकांच्या स्तनांवर आणि पुरुषांच्या जननेंद्रियावरही दाब येतो. तोंडातली नळी बांधलेली पट्टी ओठाच्या कोपऱ्यात रुतते. लघवीची नळी किंवा ईसीजीचे चिकटे अंगाखाली राहिले तर त्यांचाही ठसा उमटून जखम होते.

आपल्या सावळ्या अंगावर लाली दिसत नाही

आमची चूक झाली ती इथे. पुस्तकात लिहिलेले असते की पहिली खूण म्हणजे लाली, जी बोटाने दाबूनही पांढरी होत नाही. पुस्तकातले चित्र गोऱ्या कातडीचे असते. त्या ताई सावळ्या होत्या. आम्ही लाली शोधली, ती दिसली नाही, म्हणून "ठीक" लिहिले. दिसली तेव्हा थेट काळी खपली दिसली.

म्हणून सावळ्या माणसाची कातडी नुसती डोळ्यांनी पाहू नका, हाताने पाहा. हाडावरची जागा आजूबाजूपेक्षा गरम लागते का, की गार? कडक झाली आहे का, की पिलपिलीत? बोलणारा रुग्ण तिथे दुखते म्हणतो का? रंग आजूबाजूपेक्षा गडद, जांभळट किंवा निळसर आहे का? एका बाजूची दुसऱ्या बाजूशी तुलना करा, उजेडात किंवा बॅटरी लावून. यातले एक जरी दिसले तरी ती जखमेची सुरुवात समजा आणि त्या जागेवरचा दाब लगेच काढा.

आयसीयूत काय व्हायला हवे?

रुग्णाला पालथे करायला पाच-सहा माणसे लागतात. डोक्याशी उभा असलेला फक्त श्वासाची नळी आणि मान सांभाळतो. आधी डोळ्यांत मलम घालून पापण्या मिटवतात. जीभ दातांत अडकली नाही ना, ते पाहतात. दाबाच्या जागी फोम ड्रेसिंग लावतात, ईसीजीचे चिकटे पाठीवर घेतात. छातीखाली आणि कमरेखाली उशा ठेवून पोट मोकळे सोडतात, नडगीखाली उशी देऊन पायाची बोटे उचलून धरतात. दर दोन ते चार तासांनी मानेची बाजू आणि हातांची ठेवण बदलतात. प्रत्येक वेळी कातडी पाहायची आणि लिहायची.

हे सगळे करूनही कधी जखम होते, कारण आधी जीव वाचवायचा असतो. जखम झाली म्हणजे सिस्टरने दुर्लक्षच केले असे समजू नका. पण पाहिले नाही, लिहिले नाही, घरच्यांना सांगितले नाही, हे मात्र दुर्लक्षच. व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णामागे एक परिचारिका हवी, असा मापदंड आहे. जिथे एक सिस्टर चार-पाच खाटा सांभाळते, तिथे भांडण तिच्याशी करून उपयोग नाही. पदे भरा, ही मागणी आपण संघटितपणे केली पाहिजे.

भेटीच्या वेळी नातेवाइकांनी शांतपणे एवढे विचारावे:

१. दिवसातून किती तास पालथे ठेवता? मान किती वेळाने फिरवता?
२. आज कातडी पाहिली का? कुठे डाग आहे का?
३. गाल, हनुवटी, गुडघ्यांना ड्रेसिंग लावले आहे का? बाहेरून आणायचे असेल तर सांगा.
४. नळीतून प्रथिनांचा आहार सुरू आहे का?
५. वॉर्डात हलवताना सगळे अंग आम्हाला दाखवाल का?

मधुमेह असलेल्याच्या किंवा स्टेरॉइड घेतलेल्याच्या चेहऱ्यावर काळा डाग आला, सोबत चेहरा दुखतो, डोळा सुजतो, दोन-दोन दिसते किंवा नाकातून काळे पाणी येते, तर ती काळी बुरशी असू शकते. घरी तर्क करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

घरी आणल्यावर

दवाखान्यातून आलेला अशक्त माणूस असो की लकवा झालेली आजी, दिवसरात्र दर दोन तासांनी कूस बदला. वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. वर सरकवताना ओढू नका, ओढल्याने कातडी सोलते. अंगाखाली दुमडलेली चादर घालून दोघांनी उचला. महावग्गात आजारी भिक्खूची गोष्ट आहे. मलमूत्रात पडलेल्या त्या भिक्खूला भगवान बुद्धांनी आणि आनंदाने आधी धुतले. मग भगवंतांनी डोक्याकडून आणि आनंदाने पायांकडून धरून, उचलून मंचावर ठेवले. सेवा दोघांनी केली. आपल्या घरातही हे काम एकट्या सुनेवर टाकू नका. मुलगा, नातू, शेजारी यांनी पाळी लावावी.

पोटऱ्यांखाली उशी ठेवून टाचा अधांतरी राहू द्या. ग्लोव्हजमध्ये पाणी भरून टाचेखाली ठेवणे किंवा माकडहाडाखाली गोल रिंग ठेवणे चुकीचे आहे. रिंगच्या कडेला उलट जास्त दाब येतो. डाग दिसलेली जागा चोळू नका. स्पिरिट, पावडर, हळद नको. ओले झालेले कपडे लगेच बदला, कातडी टिपून कोरडी करा. एअर बेड मिळाला तर उत्तम, पण त्यावरही कूस बदलावीच लागते. जेवणात अंडी, डाळ, शेंगदाणे, सुकट, हुलग्याचे माडगे, जे परवडेल ते रोज द्या. किडनीचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. कातडी फाटली, काळी पडली, वास किंवा पू आला, ताप आला, तर आशाताईंना कळवा आणि सरकारी दवाखान्यात न्या.

हे शिकायला डिप्लोमा लागत नाही. आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. तिथे गावातल्या बायका आरोग्य सेविका झाल्या. त्यांच्यात अक्षरओळख नसलेल्या होत्या, दलित बायाही होत्या. बाळंतपणापासून कुष्ठरोगापर्यंत त्यांनी सांभाळले. तशी एक बाई, एक तरुण आपल्या प्रत्येक वस्तीत तयार व्हावा. या रविवारी विहारात वंदना झाल्यावर वस्तीत अंथरुणाला खिळलेले किती जण आहेत त्यांची यादी करा. मग प्रत्येकाच्या घरी जा, विचारा, आणि हात लावून कातडी पाहा.

जय भीम, नमो बुद्धाय.