लहान कण लवकर का वितळतो?

आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठार बटाट्यासाठी प्रसिद्ध आहे. तेथील एक किलो मोठे आणि एक किलो लहान बटाटे सोलले, तर साल कोणाची जास्त निघेल? अर्थातच लहानांची. ८ सेंटिमीटर व्यासाच्या एका बटाट्याच्या वजनाइतके ४ सेंटिमीटरचे आठ बटाटे भरतात. पण त्यांची साल दुप्पट होते. ही गोष्ट लक्षात ठेवा.

आता मंचरच्या किंवा नारायणगावच्या एखाद्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात डोकावा. कारागीर तारा जोडण्यासाठी जे सोल्डर वितळवतो, ते एक संमिश्र असते. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, शिसे ३२७ अंशांना. परंतु ६२ भाग कथील व ३८ भाग शिसे यांचे संमिश्र १८३ अंशांनाच वितळते! मात्र शिसे विषारी आहे. म्हणून युरोपात २००६ पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंतील त्याच्या वापरावर निर्बंध आले. शिशाऐवजी कथिलात थोडी चांदी मिसळली, तर द्रवणांक सुमारे २२१ अंश होतो. इतक्या उष्णतेने नाजूक भाग बिघडू शकतात. मग उपाय काय?

येथे बटाट्याची साल आठवा. कणाच्या आतील अणूला चोहोबाजूंनी शेजारी असतात. पृष्ठभागावरील अणू एका बाजूने मोकळा असतो, म्हणून त्याची पकड सैल असते. १ मिलिमीटरच्या कणात असे अणू दहा लाखांत दोन-तीनच असतात. कण १० नॅनोमीटरचा, म्हणजे मिलिमीटरच्या एक लक्षांश एवढा केला, की ते शंभरात पंधरा-वीस होतात. साहजिकच कण कमी तापमानाला वितळतो. १९५४ साली जपानमधील ताकागी यांनी शिसे, कथील व बिस्मथ यांच्या अतिशय पातळ थरांत हे दाखवून दिले. २००७ साली अमेरिकेतील संशोधकांनी कथील-चांदीचे सुमारे १० नॅनोमीटरचे कण बनविले. ते सुमारे १९४ अंशांनाच वितळले.

यात एक अडचण आहे. पृष्ठभाग जास्त, म्हणून असे कण हवेत लवकर गंजतात, आणि गंजाचा थर सहज वितळत नाही. पण एक फायदाही आहे. कण वितळून एकजीव झाले, की सांधा मोठ्या तुकड्यासारखा वागतो. तो पुन्हा १९४ अंशांना वितळत नाही.

व्यास निम्मा केला की द्रवणांकातील घट साधारण दुप्पट होते. तर मग ५ नॅनोमीटरचा कण अंदाजे किती अंशांना वितळेल? वहीत गणित मांडून पाहा.