दिवाळीची खरेदी : बाजारात जाण्यापूर्वीचा अभ्यास



नवरात्र आटोपले की घराघरांत दिवाळीच्या खरेदीची बोलणी सुरू होतात. फराळाच्या सामानाची यादी आईला तोंडपाठ असते. अडते ते भेटवस्तूंपाशी. पाडव्याला काय, भाऊबिजेला काय, पुण्याहून येणाऱ्या आत्याला काय, भाचरांना काय, घरकामाला येणाऱ्या मावशींना काय! मग धनत्रयोदशीच्या संध्याकाळी राजवाड्याच्या गर्दीत, एका हातात पिशव्या आणि दुसऱ्या हातात धाकट्याचा हात धरून, "आता काहीतरी घेऊन टाका" अशी वेळ येते. असे घेतलेले बहुधा महाग पडते आणि देणाऱ्यालाही मनापासून आवडलेले नसते. घरात चिडचिड होते ती वेगळीच.

यात बाजाराचा दोष थोडा आहे. कोणाला, काय आणि कितीपर्यंत, या तिन्ही गोष्टी आपण दुकानात उभे राहून ठरवू पाहतो, तिथे खरी गडबड होते. त्या घरी ठरवल्या तर बाजारात फक्त निवडण्याचे काम उरते, आणि ते मजेचे असते.

आधी रक्कम ठरवू. समजा, एका घरात भेटींसाठी ६००० रुपये आहेत आणि माणसे नऊ. सरळ भागाकार केला तर प्रत्येकी ६६६ रुपये येतात, पण असा भागाकार कोणाच्याच उपयोगाचा नाही. आधी ४०० रुपये रिक्षा, वेष्टनाचा कागद आणि आयत्या वेळी येणाऱ्या पाहुण्यासाठी बाजूला ठेवा. उरले ५६००. आत्याला साडी द्यायची ठरली आहे, तिचे २२००. उरले ३४००. तीन लहान भाचरांना प्रत्येकी ३०० प्रमाणे ९०० गेले, म्हणजे २५०० राहिले. बाकीच्या पाच जणांना प्रत्येकी ५०० आले. आता दुकानदाराने "साडेसातशेची घ्या, छान आहे" म्हटले तर ते अडीचशे कोणाच्या वाट्यातून जाणार, हे आपल्याला माहीत असते.

हा हिशेब मुलांना दाखवावा की नाही, याबद्दल पालकांत मतभेद आढळतात. माझ्या मते सातवी-आठवीपासून दाखवावाच, नव्हे, त्यांच्याकडूनच मांडून घ्यावा. "मैत्रिणीच्या भावाने तिला मोबाइल दिला" हे वाक्य दिवाळीत पुष्कळ घरांत ऐकू येते आणि आई-वडिलांना ते लागते. मग हप्त्यांवर वस्तू येते आणि होळी उलटली तरी हप्ते संपत नाहीत. ज्या मुलाने स्वतः हातात पेन्सिल घेऊन ते २५०० रुपये पाच जणांत वाटले आहेत, त्याला घरची ऐपत वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

आता काय द्यायचे ते पाहू. आपल्याकडे लग्नकार्यात आहेराची वही ठेवण्याची जुनी पद्धत आहे. कोणी काय दिले, ते त्यात लिहिलेले असते. तशीच एक वही भेटींसाठी करा, पण तिच्यात किमतींपेक्षा माणसांविषयी अधिक लिहा. आजोबांचा चश्मा ठेवायचा डबा मोडला आहे. काकूला फिकट रंग आवडतात. मामाच्या शर्टाचे माप ४२. अशा नोंदी वर्षभर केल्या की दिवाळीत डोके खाजवावे लागत नाही.

मापांत बांगड्यांचे माप विशेष मजेचे आहे. दुकानात २.४, २.६, २.८ असे लिहिलेले असते आणि ते आपण दशांश अपूर्णांकासारखे वाचतो. प्रत्यक्षात ते इंचाचे सोळावे भाग आहेत. २.४ म्हणजे आतला व्यास २ इंच आणि ४/१६, म्हणजे सव्वादोन इंच, २.८ म्हणजे अडीच इंच. ताईसाठी गुपचूप बांगड्या घ्यायच्या असतील तर तिची एक बांगडी पट्टीवर ठेवून आतला व्यास मोजा. काच परत बदलायला जाण्याचा त्रास वाचेल.

बाजाराचेही तसेच. भांडी बर्तन बाजारात, साड्या आणि कापड सीतलामाता बाजारात किंवा एम. टी. क्लॉथ मार्केटात, पुस्तके खजुरी बाजारात. एका फेरीत सगळे नको. सकाळी दुकान उघडताना गेलात तर दुकानदारही निवांत बोलतो. स्टील-पितळेची भांडी वजनावर मिळतात तिथे किलोचा भाव विचारा आणि काटा डोळ्यांसमोर पाहा. माहेश्वरी साडी घ्यायची असेल तर काठ उलटसुलट करून बघा. पारंपरिक माहेश्वरीचा काठ दोन्ही बाजूंनी नेसता येतो. हातमागाची म्हणून किंमत मोजत असाल तर हातमाग चिन्ह आहे का, हे विचारायला संकोच कसला? आणि ज्या घरी वाचणारे आजी-आजोबा आहेत, तिथे दिवाळी अंकासारखी भेट नाही. १९०९ साली 'मनोरंजन'ने सुरू केलेली ही परंपरा आजही चालू आहे. मात्र आपल्या गावात विक्रेत्याकडे मागणी आधी नोंदवलेली बरी.

सवलतीच्या पाट्या वाचताना गणिताचा तास आठवा. "५०% + २०%" म्हणजे ७०% नव्हे. हजाराचे आधी पाचशे होतात, मग पाचशेवर २०% म्हणजे शंभर कमी, हाती चारशे. सवलत ६०%. "दोनवर एक मोफत" ही तिन्ही वस्तू हव्या असतील तरच ३३ टक्क्यांची सवलत. एकच हवी असेल तर तो दुप्पट खर्च आहे. छापील कमाल किमतीत सर्व कर धरलेले असतात, तिच्यावर आणखी कर मागता येत नाही. तिच्याखाली घासाघीस करायला मात्र पूर्ण मोकळीक आहे, आणि ती हसत केली तर दोघांनाही बरे वाटते.

लहानग्यांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह पाहा. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना ते १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचे आहे. नोंदणीकृत कारागिरांच्या हस्तकलेच्या खेळण्यांना सूट आहे. आणि बिल घ्याच. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असे छापले तरी सदोष वस्तूला ते लागू पडत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अशी वस्तू बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापार प्रथा ठरते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. नुसता रंग आवडला नाही म्हणून बदलून मिळणे हा मात्र हक्क नाही, तो दुकानदाराचा चांगुलपणा. म्हणून ते आधीच विचारून घ्यावे.

खरेदी लवकर आटोपली आणि यादीतले सगळे मिळाले, तर त्या ४०० रुपयांतले काही नक्की उरतील. सराफ्यात रात्री सोन्याचांदीची दुकाने बंद झाली की भुट्ट्याचा कीस तयार असतोच.

घरी सोडवा : (१) बांगड्यांत २.८ मोठे की २.१०? (२) हजार रुपयांच्या वस्तूवर एक दुकान सरळ ५०% सवलत देते, दुसरे "३०% + ३०%". स्वस्त कोठे?

उत्तरे : (१) २.१०, कारण १०/१६ हे ८/१६ पेक्षा मोठे. (२) दुसऱ्या दुकानात, पण केवळ दहा रुपयांनी.