अंतरिम सरकार : मुलांना कसं समजावून सांगाल?



बांगलादेश आणि नेपाळच्या बातम्या पाहून मुलं एक प्रश्न हमखास विचारतात. "निवडणूक झालीच नाही, मग हे सरकार आलं कुठून?" या प्रश्नाला "तू लहान आहेस" असं उत्तर देऊ नका. नागरिकशास्त्राचा एक मोठा धडा त्यात आहे. चला, तो बांगलादेशच्या उदाहरणातून पाहूया.

आधी शब्द समजून घेऊ

अंतरिम म्हणजे मधल्या काळातलं. आपण 'हंगामी सरकार' असंही म्हणतो. मुलं याची काळजीवाहू सरकारशी गल्लत करतात. राजीनामा दिलेलं मंत्रिमंडळ नवीन सरकार येईपर्यंत कारभार पाहतं, ते आपल्याकडचं काळजीवाहू सरकार. ते आधी निवडून आलेलं असतं. उठावानंतरच्या अंतरिम सरकारला मात्र कुणीच मत दिलेलं नसतं.

लहान मुलांना वर्गाचं उदाहरण द्या. वर्गशिक्षिका रजेवर गेल्या की दुसऱ्या बाई येतात. त्या हजेरी घेतात, शिकवतात, पण वर्षभराचं वेळापत्रक बदलत नाहीत. मात्र त्यांना मुख्याध्यापक पाठवतात. उठावानंतर देशाला असा मुख्याध्यापक उरलेला नसतो. खरी अडचण तिथेच सुरू होते.

१९९० : आले, निवडणूक घेतली, परत गेले

लष्करप्रमुख इर्शाद यांनी १९८२ मध्ये बांगलादेशची सत्ता बळकावली. १९९० च्या अखेरीस विद्यार्थी आणि विरोधी पक्ष एकत्र रस्त्यावर उतरले. ६ डिसेंबर १९९० रोजी इर्शाद यांना पायउतार व्हावं लागलं. सरन्यायाधीश शहाबुद्दीन अहमद यांना आधी उपराष्ट्रपती नेमलं गेलं आणि मग ते हंगामी राष्ट्रपती झाले. त्यांच्या नावाला विरोधकांची संमती होती.

२७ फेब्रुवारी १९९१ ला, म्हणजे तीन महिन्यांच्या आत, निवडणूक झाली. पुढे खास घटनादुरुस्ती करून शहाबुद्दीन पुन्हा सरन्यायाधीशपदावर परतले. हा भाग मुलांना आवर्जून सांगा. सत्ता हातात आलेला माणूस ती ठेवून आपल्या जुन्या कामावर गेला!

नियम केला, तरी...

१९९६ मध्ये बांगलादेशाने ही पद्धत घटनेतच घातली. पक्षविरहित सरकारने ९० दिवसांत निवडणूक घ्यायची, असं ठरलं. पण जानेवारी २००७ मध्ये आणीबाणी लागली आणि लष्कराच्या पाठिंब्याने आलेलं असं सरकार जवळजवळ दोन वर्षं राहिलं. निवडणूक झाली २९ डिसेंबर २००८ ला. २०११ मध्ये ही तरतूदच घटनेतून काढून टाकण्यात आली.

२०२४ : घाई की सुधारणा?

सरकारी नोकऱ्यांतल्या आरक्षणाविरुद्ध विद्यार्थ्यांनी आंदोलन सुरू केलं. त्याचा उठाव झाला. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार त्या काळात सुमारे १,४०० माणसं मारली गेली असावीत. ५ ऑगस्टला शेख हसीना देश सोडून गेल्या. ८ ऑगस्टला मुहम्मद युनूस यांनी 'मुख्य सल्लागार' म्हणून शपथ घेतली. घटनेत अशा सरकारची तरतूद उरली नव्हती, म्हणून राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचं मत मागवलं.

मग वाद सुरू झाला. एक बाजू म्हणाली, आधी पोलीस, न्यायालयं, निवडणूक यंत्रणा सुधारा, नाहीतर पुन्हा तेच होईल. दुसरी बाजू म्हणाली, सुधारणा निवडून आलेल्यांनी कराव्यात, तुम्ही तारीख सांगा. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. निवडणूक फेब्रुवारी २०२६ मध्ये घेऊ, ही घोषणा व्हायला ५ ऑगस्ट २०२५ उजाडला. म्हणजे पूर्ण एक वर्ष गेलं.

नेपाळमध्ये उलट झालं. ९ सप्टेंबर २०२५ ला ओलींनी राजीनामा दिला. १२ तारखेला माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की यांनी शपथ घेतली आणि त्याच वेळी ५ मार्च २०२६ ही निवडणुकीची तारीखही ठरली.

मुलांपर्यंत काय पोचवायचं?

अंतरिम सरकारचा अधिकार उसना असतो. रस्त्यावर आलेली गर्दी कितीही मोठी असली, तरी ती मतपेटी नव्हे. गर्दीत कोण नव्हतं, घरी कोण बसलं होतं, त्यांचं मत काय, हे फक्त निवडणुकीतच कळतं. उसनं घेतलेलं वेळेत परत करावं लागतं. प्रामाणिक माणूससुद्धा तारीख न सांगता खुर्चीवर बसून राहिला, तर लोकांचा विश्वास कमी होत जातो.

वर्गात किंवा घरी चर्चेसाठी प्रश्न

१. या सरकारला कुणी संमती दिली? कुणाला विचारलंच नाही?
२. मधल्या काळात कोणती कामं करावीत, कोणती पुढच्या सरकारवर सोडावीत?
३. लवकर निवडणूक घेण्याचा एक फायदा आणि एक तोटा सांगा.
४. शहाबुद्दीन अहमद परत गेले नसते, तर काय झालं असतं?

पुढच्या वेळी अशी बातमी आली, की मुलांना "कोण आलं?" एवढंच विचारू नका. "ते जाणार कधी, आणि ही तारीख कुणी ठरवली?" हेही शोधायला सांगा.