पाटे वाढवण्याआधी गाडी काट्यावर न्या

पिकअप मागून बसायला लागली की आजरा-गडहिंग्लज पट्ट्यात हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘मागच्या स्प्रिंगला दोन पाटे वाढव’. काय भरतोस, किती भरतोस, हौद्यात कुठं भरतोस, याची चौकशी क्वचितच होते. मागून एक नजर टाकायची आणि यू-बोल्ट सोडायला घ्यायचे. मला याची चीड येते आणि ती मी लपवत नाही. पाटे घालणारा मजुरी घेऊन मोकळा होतो, पुढं आंबोलीच्या उतारावर ब्रेक दाबायची वेळ गाडीवाल्यावर येते. माझं म्हणणं साधं आहे. गाडी बसते ती जादा वजनामुळं, चुकीच्या जागी भरलेल्या मालामुळं किंवा थकलेल्या पाट्यांमुळं. या तिन्हींवर जादा पाटा हा एकच उतारा नाही, आणि पहिल्या दोन दुखण्यांवर तर तो उताराच नाही.

नेमकं दुखणं कोणतं, हे टेपनं कळतं. सपाट जागेवर गाडी उभी करून चारही चाकांच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. आधी रिकाम्या गाडीचं, मग नेहमीचा माल भरून. रिकामी पिकअप मागून थोडी उंच दिसते, कारण कंपनीनं ती भरल्यावर समतल व्हावी म्हणूनच तशी ठेवलेली असते. अमेरिकेत बरेच पिकअप घरगुती वापरात रिकामेच फिरतात, म्हणून तिकडं पुढची बाजू उचलून गाडी समतल करायची किट खपतात. ते व्हिडिओ बघून भाड्याच्या गाडीला पुढं स्पेसर घातला, तर भरल्यावर नाक आणखी वर जातं, स्टेअरिंग हलकं लागतं आणि हेडलाइटचा झोत धुक्यात समोरच्याच्या डोळ्यांवर जातो. एकच बाजू खाली असेल तर तुटलेला पाटा किंवा झिजलेला बुश शोधा. रिकामी असतानाच दोन्ही बाजू खाली असतील तर कमान गेली आहे. रिकामी ठीक असून भरल्यावरच बसत असेल तर सरळ वजनकाट्यावर न्या आणि आरसी बुकातल्या एकूण वजनाशी आकडा ताडून बघा. ड्रायव्हर आणि हमालही त्याच वजनात मोडतात. कोकणातून वर येणारा जांभा हौद्यात अर्ध्यावरसुद्धा दिसत नाही, तेवढ्यात गाडीची क्षमता संपलेली असते. काजूच्या पोत्यांचं उलट आहे. तिथं वजनापेक्षा जागा महत्त्वाची. मागच्या अॅक्सलच्या पलीकडं रचलेली पोती पुढची चाकं उचलतात, तीच केबिनला चिकटवून रचली की बराच फरक पडतो, तोही फुकटात.

आता मुख्य मुद्दा, जो पाटा विकताना कुणी सांगत नाही. अनेक पिकअपना मागच्या अॅक्सलजवळ ब्रेकचा एक व्हॉल्व्ह असतो आणि त्याची दांडी अॅक्सलला जोडलेली असते. माल भरला की चेसी खाली येते, दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी असली की तो दाब कमी ठेवतो, म्हणजे मागची चाकं लॉक होऊन गाडी आडवी जात नाही. पाटे वाढवले की चेसी पुरेशी खाली येतच नाही. हौद्यात टनभर माल असताना व्हॉल्व्हच्या लेखी गाडी रिकामी! मागचा ब्रेक अपुरा पडतो आणि घाटात सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो. बाहेरून गाडी देखणी, समतल दिसते. अॅक्सल, बेअरिंग, टायर, चेसी मात्र होती तेवढ्याच ताकदीची राहतात. पूर्वी गाडी बसायची तेव्हा निदान जादा वजन दिसायचं तरी. पाट्यांनी तेही झाकलं.

‘सगळेच घालतात, काय होतं?’ असं विचारलं जातं. घालतात, पण काय घालतात ते बघा. त्याच लांबी-रुंदीच्या पाट्याची जाडी 8 मिलिमीटरवरून 10 केली, तर तो जवळजवळ दुप्पट ताठ होतो, कारण ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. थकलेल्या जुडग्यात असा एक नवा, जाड, वेगळ्या कमानीचा पाटा सरकवला की भार सारखा वाटला जात नाही आणि पुढंमागं एखादा पाटा तुटतो. परतीच्या रिकाम्या फेरीत मागची बाजू उड्या मारते, पावसात चाकं पकड सोडतात. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे : डिझेल, हप्ता, टायर बघता कमी मालात भाडं परवडत नाही. ही अडचण मला मान्य आहे. पण तिचं उत्तर जास्त क्षमतेची गाडी किंवा जास्तीची फेरी हेच आहे. मोटार वाहन कायद्यात जादा वजनाला 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000 रुपये दंड आहे. कलम 52 प्रमाणे कंपनीनं दिलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी 2019 मध्ये हेच बजावलं. अपघात झाला की विमा कंपनी काय शोधते, हे वेगळं सांगायला नको.

कमान खरंच गेली असेल तर खर्च जरूर करा, पण दोन्ही बाजूंचं पूर्ण जुडगं, त्याच मॉडेलचं. जुने पाटे नुसते थंडे ठोकून काढलेली कमान टिकत नाही. उष्णता देऊन पुन्हा पाणी चढवायची सोय आहे का, ते आधी विचारा. जुने यू-बोल्ट परत वापरू देऊ नका, आणि दोन-तीनशे किलोमीटरनंतर गाडी भरलेली असताना ते पुन्हा आवळून घ्या. भार आल्यावरच टेकणारा रबरी किंवा हवेचा मदतनीस स्प्रिंग रिकाम्या गाडीला कमी त्रास देतो. पण तोही वजनाची मर्यादा वाढवत नाही आणि व्हॉल्व्हची अडचण तिथंही राहतेच, त्यामुळं आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारून घ्या. व्हॉल्व्हच्या दांडीची जुळणी अंदाजानं नव्हे, प्रेशर गेज लावूनच करून घ्या. टायरमधली हवा तपासत जा, पक्कं बिल घ्या. आणि त्या बिलावर पाट्यांची संख्या, जाडी आणि काम करणाऱ्याची सही असू द्या. सही मागितल्यावर जो टाळाटाळ करेल, त्याच्याकडून गाडी तशीच बाहेर काढा.