‘ताकदीच्या गोळी’ला मुदत हवी

गंगाखेडच्या आमच्या मावशींचे गुडघे धरले तेव्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कॅल्शियम आलं, सकाळी एक आणि रात्री एक. सोबत आठवड्याला ड जीवनसत्त्वाचं 60,000 युनिटचं पाकीट. किती दिवस घ्यायचं, ते लिहिलेलंच नव्हतं. मावशींनी चिठ्ठी जपून ठेवली आणि मेडिकलवाला ती न बघता वर्षानुवर्षं गोळ्या देत राहिला. मध्येच त्याच डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी बदलली. नव्या गोळीत थायझाइड हे लघवी वाढवणारं औषध होतं, आणि ते शरीरातलं कॅल्शियम लघवीवाटे नीट बाहेर पडू देत नाही.

मग बद्धकोष्ठ, तोंडाला कोरड, रात्रीचं सारखं उठणं, छातीत धडधड. दवाखान्यात दरवेळी एकच उत्तर मिळे: ‘वय झालं आता.’

परभणीतल्या दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी आधी औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला लावली. पाकिटं एका बाजूला, गोळ्यांच्या पट्ट्या दुसऱ्या बाजूला लावल्या आणि विचारलं, ‘हे कधीपासून चालू आहे?’ रक्त तपासलं तर कॅल्शियम 12.8. साधारण साडेदहाच्या वर ते जायला नको. मावशींची लेक जुन्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवायला गेली. त्यांनी कागद हातातही घेतला नाही. ‘कॅल्शियमनं कुणाला काही होत नाही ओ ताई,’ म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. हे वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

काही होत नाही? न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या संशोधकांनी पाळी थांबलेल्या 1,471 बायकांची पाच वर्षं पाहणी केली. 2008 साली आलेल्या त्यांच्या अहवालात रोज एक ग्रॅम कॅल्शियम घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचे झटके जास्त दिसले. 2010 मध्ये त्यांनी अनेक चाचण्या एकत्र मांडल्या, तेव्हा हा धोका सुमारे 30 टक्के वाढलेला निघाला. अमेरिकेतल्या 36,282 बायकांच्या चाचणीत मात्र कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वानं हृदयविकार वाढला नाही, मूतखडे वाढले. 2016 मध्ये तिथल्या तज्ज्ञ संस्थांनी दिवसाला 2,000 ते 2,500 मिलिग्रॅमपर्यंतचं कॅल्शियम हृदयाला सुरक्षित ठरवलं. म्हणजे वाद मिटलेला नाही. मग न मिटलेल्या वादातली गोळी म्हाताऱ्या माणसाला बेमुदत कशी काय चालू ठेवता?

कॅल्शियम लागतंच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला दिवसाला 1,000 मिलिग्रॅम, पाळी गेलेल्या बाईला 1,200. पण आधी ताटातलं मोजावं. नुसत्या ज्वारीच्या भाकरीत ते फारच थोडं असतं. तिळाची नाहीतर कारळाची चटणी, अंबाडी, शेवग्याचा पाला, दही-ताक हे सोबत हवं. नाचणीच्या 100 ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. उरलेल्या तुटीपुरतीच गोळी. पट्टीवर कॅल्शियम कार्बोनेट 1,250 मिलिग्रॅम छापलेलं असलं तरी त्यात कॅल्शियम 500 च असतं, हे वाचायला शिका.

लोहाच्या आणि थायरॉइडच्या गोळीसोबत कॅल्शियम घेऊ नका, थायरॉइडला तर चार तासांचं अंतर ठेवा. परभणीच्या कृषी विद्यापीठानं लोह आणि जस्त जास्त असलेली ‘परभणी शक्ती’ ज्वारी दिली आहे. त्या भाकरीवरच कॅल्शियमची गोळी घेतली, तर लोह अंगी कमी लागतं. डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कॅल्शियम नकोच. चालावं, ऊन घ्यावं, हे आहेच. हाडं ठिसूळ झाल्याचे उपचार चालू असतील तर मनानं गोळी बंदही करू नका.

गोळ्या आणि पाकिटं थांबवल्यावर, रक्तदाबाचं औषध बदलल्यावर मावशींचं कॅल्शियम उतरलं, धडधड थांबली. डॉक्टरांकडे मागणं एवढंच आहे की चिठ्ठीवर गोळीच्या नावापुढे ‘किती दिवस’ ते लिहा. आणि मेडिकलवाल्यांनो, ते वाचा.